लाल छत्रीचे साडेनऊ

लाल छत्री बंद होणार ही बातमी धाकट्याने फोनवर दिली ती अशा आवाजात, की थोरलीला क्षणभर वाटलं, घरातलंच कुणीतरी गेलं. ती तेव्हा चष्म्याच्या दुकानात एका गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलून बदलून लावत होती. "आता बरं दिसतंय की मघाशी?" हे विचारायचं सोडून ती फोनवर म्हणाली, "अरे, सगळ्याच शाखा?"

"राहिलीच होती एक. नदीपलीकडची. रविवारी शेवटचा दिवस. मग तिथं गाद्यांचं दुकान येतंय म्हणे," धाकटा म्हणाला. "ताई, बाबांना न्यायला पाहिजे."

"मग तू सांग त्यांना."

"मी? राहतात तुझ्याकडे आणि सांगू मी?"

आई गेल्यापासून बाबा थोरलीकडे राहत होते, आणि त्यांच्याबरोबर वाईट बातम्या सांगण्याचं खातंही आपोआप तिच्याकडे आलं होतं. गिऱ्हाईक बिचारं एक डोळा मिटून वाट बघत बसलं होतं.

आता लाल छत्री म्हणजे काय, ते सांगायला हवं. खरं नाव लांबलचक होतं, मालकाच्या दोन्ही आजोबांची नावं जोडून केलेलं, आणि ते कुणाच्याच जिभेवर बसलं नाही. दारावर पत्र्याची मोठी लाल छत्री टांगलेली असे म्हणून सगळे लाल छत्रीच म्हणत. हॉटेलांची साखळी होती ती. लहान गावात एक शाखा, मोठ्या शहरात दोन-तीन. सगळीकडे तेच लाल रेक्झिनचे बाक, टेबलावर खालपर्यंत उतरलेला तोच दिवा, तेच टोमॅटोचं सूप, तेच तळलेले बटाटे, आणि शेवटी उंच पेल्यातलं तेच आइस्क्रीम, ज्याच्या तळाशी एक चेरी मुद्दाम लपवलेली असे. खाण्यापिण्यातले दर्दी लोक अशा साखळ्यांचं नाव काढलं की नाक मुरडतात. सगळीकडे एकच चव, त्यात काय मजा, म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांच्या वडिलांची सारखी बदली होत नसणार.

थोरलीच्या वडिलांची होत असे. कारण बाबा लाल छत्रीच्याच नोकरीत होते, आणि नोकरी अशी, की लाल छत्रीतल्या कुणालाही ती कळता कामा नये. बाबा गुप्त तपासनीस होते. साध्या गिऱ्हाइकासारखं जायचं, जेवायचं, सगळं डोळ्यात तेल घालून बघायचं, आणि मुख्य कचेरीला दहापैकी गुण कळवायचे. एकटा माणूस इकडेतिकडे बघत हळूहळू जेवायला लागला की वेटरांना लगेच वास येतो. बायकोमुलं बरोबर असलेल्या माणसाकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही. तेव्हा बाबांनी कचेरीकडून परवानगी काढली आणि अख्खं कुटुंब कामाला लावलं.

प्रत्येकाला काम वाटून दिलेलं होतं. आईनं चमचा पाडायचा. सूप आलं की दोन घोट घ्यायचे, आणि मग गप्पांच्या भरात हात लागला असं दाखवून चमचा खाली सोडायचा. तो आपण उचलायचा नाही, वेटरला हाक मारायची नाही, घड्याळाकडे तर मुळीच बघायचं नाही. नवा चमचा आपणहून किती वेळात येतो, ते बघायचं. वेळ मोजायला आई टेबलाखाली पायाच्या अंगठ्याने ताल धरायची आणि वर चेहऱ्यावर असा भाव, की हिला चमचा म्हणजे काय तेही ठाऊक नसावं. नाटकात गेली असती तर नाव काढलं असतं. पुढेपुढे दोन्ही मुलांचे अंगठेही तिच्याबरोबर हलायला लागले.

धाकट्याकडे न्हाणीघर. साबण आहे का, नळ गळतो का, पुसायला कोरडा टॉवेल आहे का. परत येऊन त्यानं सांकेतिक भाषेत सांगायचं. "बाहेर हवा छान आहे" म्हणजे सगळं ठीक. "थोडे ढग आहेत" म्हणजे साबण नाही.

आणि थोरलीकडे आलं होतं हट्ट करण्याचं काम. ती स्वभावाने गरीब गाय, घरी पानात पडेल ते निमूट खाणारी. तिने आधी एक मागवायचं, ते समोर आलं की तोंड वाकडं करून म्हणायचं, "मला नाही हे आवडत, मला ते पाहिजे." त्यावर वेटर कपाळाला आठ्या घालतो की हसून बदलून देतो, हे बाबा बघत. पहिल्या काही वेळा लाजेने तिच्या तोंडून आवाजच फुटेना. मग आईने तिच्याकडून आरशासमोर तालीम करून घेतली. पण एकदा तिने घरात भाजी बघून तसंच तोंड वाकडं केलं, तेव्हा आईने पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "हे सगळं नोकरीच्या जागी. घरी नाही."

गंमत व्हायचीच. एकदा धाकटा न्हाणीघरातून धावत आला आणि सगळ्यांच्या देखत ओरडला, "बाबा, साबण नाही! गुण कापा!" बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. गल्ल्यामागचा मॅनेजर ताडकन उभा राहिला, स्वयंपाकघराचं दार उघडलं, आणि पुढच्या पाच मिनिटांत त्यांच्या टेबलाचा जो थाट झाला तो पाहून शेजारच्यांना वाटलं, यांच्याकडे आज कुणाचं लग्न ठरलं. पुढे त्या भागातल्या शाखांनी एकमेकांना फोन करून त्यांचं वर्णन कळवलं असावं, कारण दुसऱ्या गावात आईच्या हातून चमचा खरोखरच पडला, तर तीन बाजूंनी तीन वेटर तीन चमचे घेऊन धावले. आईने तिन्ही घेतले. बाबांची त्यानंतर लगेच बदली झाली.

बदली म्हणजे नवं गाव, नवी शाळा, वर्गात मागच्या बाकावर एकटीनं बसणं. थोरलीच्या मैत्रिणी होतात न होतात तोच ट्रंका पुन्हा भरल्या जायच्या. पण नव्या गावात पोचल्याच्या पहिल्या दिवशी, सामान सोडण्याच्या आधी, चौघं लाल छत्रीत जेवायला जात. तो रिवाजच होता. आत पाऊल टाकलं की फरशी पुसण्याच्या औषधाचा आणि तळलेल्या बटाट्यांचा मिळून एक वास यायचा, आणि थोरलीचा जीव भांड्यात पडायचा. खिडकीजवळचं टेबल तिथं असायचं. बाकाची शिवण उजव्या मांडीला टोचायची तशीच टोचायची. पेल्याच्या तळाशी चेरी असायची. लोकांना लहानपणीचं घर आठवतं. थोरलीला डोळे मिटले की लाल रेक्झिन दिसायचं, आणि तिला त्याची कधीच लाज वाटली नाही.

दुसऱ्या साखळ्या नव्हत्या असं नाही. एक होती पिवळा कोंबडा. तिथल्या खुर्च्या मुद्दाम गैरसोयीच्या केलेल्या, गिऱ्हाइकाने खाऊन लवकर चालतं व्हावं म्हणून. धाकट्याला तीच आवडायची, कारण तिथं जेवणाबरोबर एक प्लॅस्टिकची शिट्टी फुकट मिळे. निळी किटली ही आईची आवडती. तिथं संथ गाणी लावत, आणि मुख्य म्हणजे तिथं आईला चमचा पाडावा लागत नसे. ती तिथं पाठ टेकून बसायची, गरम सूप गरम असतानाच संपवायची आणि म्हणायची, "आज मी सुटीवर आहे." बाबा मात्र किटलीत बसूनही दिव्यावरची धूळ बघत. "अहो, तो दिवा काही तुमच्या कचेरीचा नाही," आई म्हणायची. बाबा म्हणायचे, "धूळ ती धूळच."

गुणांचं हे वेड घरी आल्याशिवाय कसं राहील? बाबा सगळ्याला गुण देत. जेवण झालं की टेबलावर बोटाने दोनदा टकटक करून आकडा सांगत. आणि इथंच थोरलीचं आयुष्यभराचं दुखणं होतं. बाबा साडेनऊच्या वर कधी गेले नाहीत. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी एकाही शाखेला दहा दिले नव्हते. "दहा दिले की माणूस उद्या कशाला येईल कामावर?" असं ते म्हणत. अर्धा गुण हातचा राखायचा, हा त्यांचा बाणा. थोरली शाळेत पहिली आली, बाबा म्हणाले, "साडेनऊ. अक्षर जरा बघ." तिने पहिल्यांदा एकटीने चौघांचं जेवण केलं, साडेनऊ. लग्नाचं जेवण, साडेनऊ. नवऱ्या मुलाला तर नऊच मिळाले, कारण बुटांना पॉलिश नव्हतं. तिचा नवरा आजही काही चुकलं की म्हणतो, "मी काय, नवाचा माणूस." आईसुद्धा हसून म्हणायची, "मी साडेनवाची. याच्या वर या घरात जागा नाही." आईला ते चालायचं. थोरलीला चालत नसे. तिला एकदा, आयुष्यात फक्त एकदा, बाबांच्या तोंडून दहा ऐकायचे होते.

आता तर रोज संध्याकाळी परीक्षाच असे. बाबांचे दात गेले होते, सूप हाच मुख्य आहार. थोरली दुकानातून दमून आली तरी टोमॅटो भाजून, सालं काढून, गाळून सूप करायची. लोणी घालून बघितलं, साय घालून बघितली. कधी मिरपूड जास्त, कधी जरा दाट. टकटक, साडेनऊ. तिने तोंडाने कधी काही म्हटलं नाही, पण भांडी घासताना ती इतक्या जोरात आपटायची की नवरा बाहेरून विचारायचा, "आज कशाचा कापला?"

बातमी सांगायला तिने सूप अर्धं संपेपर्यंत वाट बघितली.

"लाल छत्री बंद होतेय, बाबा. रविवारी शेवटचं."

बाबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "सूप पातळ करायला लागले होते. मी निवृत्त झालो तेव्हाच म्हटलं होतं. पातळ सूप ही सुरुवात असते."

"जायचं का आपण? तिघं?"

"काय बघायचं आता तिथं? नाही यायचं मला."

रविवारी सकाळी ती उठली तेव्हा बाबा कोट घालून, टाय बांधून, दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. "धाकट्याला म्हणावं, गाडी लवकर आण," ते म्हणाले. "दुपारच्या गर्दीच्या आधी पोचलं पाहिजे. गर्दीत काही कळत नाही."

गाडीत त्यांनी जुन्या सूचना पुन्हा दिल्या. माझ्याकडे बघून हसायचं नाही. घड्याळ बघायचं नाही. टेबल खोट्या नावाने घ्यायचं. पन्नाशी ओलांडलेल्या दोघा मुलांनी माना डोलावल्या. धाकट्याने ते जुनं खोटं नाव आधीच फोनवर दिलेलं होतं.

नदीपलीकडच्या त्या शाखेपुढे गाडी थांबली. पत्र्याच्या छत्रीचा रंग उडून ती गुलाबी झाली होती. आत अर्ध्या टेबलांवर पुठ्ठ्याची खोकी रचलेली, भिंतीवरची चित्रं काढून त्या जागी फिके चौकोन राहिलेले. पण वास तोच होता. फरशीचं औषध आणि बटाटे. तिने डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा धाकटा नाक पुसत होता. खिडकीजवळचं टेबल शाबूत होतं. ती बसली आणि बाकाची शिवण उजव्या मांडीला टोचली. तिला एकदम इतका आनंद झाला की चौथ्या जागेकडे बघायचं तिने टाळलं.

एक मध्यमवयाची बाई वाढायला आली. केस विस्कटलेले, एप्रनच्या खिशात चिकटपट्टीचं रीळ.

"मेन्यूकार्ड?" बाबांनी विचारलं.

"खोक्यात गेली, आजोबा. आज सूप आहे. पाव आहे. बटाटे आहेत. आइस्क्रीमही आहे, पण चेऱ्या संपल्या."

"मला सूप नको, मला दुसरं काहीतरी पाहिजे," थोरली एकदम म्हणाली, आणि स्वतःच दचकली. इतक्या वर्षांनी ते आपसूक तोंडातून निघालं होतं.

बाई कमरेवर हात ठेवून हसली. "मग बटाटे घ्या आणि ते सूप समजून खा." बाबांनी किंचित मान हलवली. ही पास झाली, हे दोघांनाही कळलं.

धाकटा न्हाणीघरात जाऊन आला. "बाहेर वादळ आहे," तो हळूच म्हणाला. "नळच काढून नेलाय."

सूप आलं. पातळ होतं आणि कोमट होतं. पाव आदल्या दिवशीचा. बाबा ताठ बसले, दोन घोट घेतले, आणि त्यांचा चमचा खाली पडला.

फरशीवर खणकन आवाज झाला. तत्क्षणी थोरलीची पाठ सरळ झाली आणि नजर खिडकीबाहेर गेली. टेबलाखाली पायाचा अंगठा ताल धरायला लागला. समोर धाकटा मोठ्या कौतुकाने छताकडे बघत होता, म्हणजे त्याचाही अंगठा चालू होता. बाबांनी आईचं काम घेतलं, या विचाराने तिला भरून आलं. वेटर बाई लांब कुठेतरी खोक्यांशी झटत होती. कुणी येईना. ताल चालूच. आईने एवढ्यात नापास केलं असतं. बाहेर एक माणूस सायकलची चेन बसवत होता, त्याची बसून झाली, तो निघून गेला, तरी चमचा येईना. सूप होतं तेवढंही निवत चाललं.

"काय बघताय रे बाहेर दोघं?" बाबा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "उचला की कुणीतरी. पाडला नाही मी. पडला."

थोरलीने वळून बघितलं. बाबांचा उजवा हात टेबलाच्या कडेला होता आणि तो थरथरत होता. ते डाव्या हाताने तो दाबून धरायचा प्रयत्न करत होते. घरी ती रोज त्यांना कान असलेल्या मोठ्या कपात सूप देत होती. दोन्ही हातांनी धरायला सोपं, म्हणून त्यांनीच मागून घेतला होता. बशीतलं सूप त्यांनी किती दिवसांत खाल्लं नव्हतं, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. जगभराचे डोळे तपासणारी ती, आणि घरातलं एवढं तिला दिसलं नव्हतं. तिला रडू आलं. ती वाकून टेबलाखाली गेली ती चमच्यासाठी कमी आणि डोळे पुसायला जास्त.

ती वर आली तेव्हा वेटर बाई धापा टाकत उभी होती. हातात एक चमचा होता, पण तो लाल छत्रीचा जड, कोरलेल्या दांड्याचा चमचा नव्हता. साधा घरगुती होता, टोकाशी जरा वाकलेला.

"माफ करा हं आजोबा. आमचे सगळे चमचे खोक्यात गेलेत, खोकं सापडेना. हा माझ्या डब्यातला आहे. उकळत्या पाण्यातून काढलाय." तिने तो रुमालाने पुसून बाबांच्या हातात दिला, आणि त्यांचा हात बघून काही न बोलता सूपही बशीतून कपात ओतून दिलं. "आणि थांबा, हे गार झालंय. गरम करून आणते."

बाबा सगळं सूप प्यायले. पातळ सूप, तळाशी पोचेपर्यंत. मग त्यांनी तोंड पुसलं, टायची गाठ सारखी केली, आणि बाईला हाक मारून उभं केलं. नोकरीभर पाळलेला नियम त्यांनी त्या दिवशी मोडला.

"मी तपासनीस आहे," ते म्हणाले. "लाल छत्रीचा." आणि टेबलावर बोटाने दोनदा टकटक केलं. "दहा."

बाईने थोरलीकडे बघितलं, म्हणजे आजोबा बरे आहेत ना, अशा अर्थाने. धाकट्याने बाईला थोडक्यात समजावलं. तेव्हा बाईचा चेहरा फुलला, ती वळून स्वयंपाकघराकडे ओरडली, "ए, ऐकलंत का! आपल्याला दहापैकी दहा मिळाले!" आणि आतून कुणीतरी पातेल्यावर डाव बडवला.

धाकटा गाडी आणायला गेला. दोघंच राहिली, तेव्हा थोरलीचा बांध फुटला.

"दहा?" ती म्हणाली. "सूप पातळ होतं, बाबा. पाव शिळा. न्हाणीघरात नळ नाही! चमचा यायला इतका वेळ लागला की आईने शाखाच बंद केली असती. आणि दहा? मी रोज टोमॅटोची सालं काढते. मी पहिली आले तेव्हा तुम्ही अक्षर बघायला सांगितलंत. मला कधी दिलेत दहा? एकदा तरी?"

बाबांना खरंच नवल वाटलेलं दिसत होतं.

"अगं, यांचं आज संपलं," ते म्हणाले. "उद्या इथं गाद्या येणार. अर्धा गुण राखायचा तो उद्यासाठी असतो. यांना उद्याच नाही, तर मी तो कशाला जवळ ठेवू? देऊन टाकला."

तिने टेबलावरचे पावाचे कण गोळा केले.

"तुझ्या आईला दिले होते मी दहा," बाबा म्हणाले.

"आईला? कधी?"

"हॉस्पिटलात. तिच्या चहात बुडवून तिने मला अर्धं बिस्कीट भरवलं. तिला आधार देऊन बसवलं होतं तेव्हा. म्हणाली, किती? रोजची गंमत. आणि माझ्या तोंडून दहा निघून गेले." त्यांनी तो वाकडा चमचा हातात घेतला, पुन्हा ठेवला. "तिला लगेच कळलं. हसली. म्हणाली, अहो, एवढ्यात?"

खिडकीबाहेर धाकटा गाडी लावून हात हलवत होता. कुणीच तिकडे बघितलं नाही.

"मी राखायला हवा होता तो अर्धा," बाबा म्हणाले. "काही का होईना, राखायला हवा होता. तेव्हा तू माझ्याकडे दहा मागू नकोस. मला नाही जमायचं."

थोरलीने त्यांचा थरथरता हात दोन्ही हातांत धरला. तिला त्यांना काहीतरी मोठं, शहाणं असं सांगायचं होतं, पण तिच्या तोंडून एवढंच आलं, "चला, उठा. तुमचं आइस्क्रीम राहिलं, घरी जाताना घेऊ कुठेतरी."

"पिवळ्या कोंबड्याचं नको," बाबा म्हणाले. "त्यांच्या खुर्च्या वाईट."

दुसऱ्या दिवशी दुकानातून आल्यावर तिने नेहमीसारखे टोमॅटो भाजले, सालं काढली, गाळलं. साय घातली. मिठाची बरणी उघडली, हात आत घातला, आणि काढून घेतला. बरणी तशीच बंद करून ठेवली. मग सूप मोठ्या कपात ओतून बाबांसमोर नेऊन ठेवलं आणि पलीकडे बसून राहिली. तिचा नवरा वर्तमानपत्राआडून बघत होता.

बाबा हळूहळू, दोन्ही हातांनी कप धरून सगळं प्यायले. तोंड पुसलं. टेबलावर टकटक केलं.

"नऊ," ते म्हणाले. "मीठ विसरलीस. उद्या बघ."

"बघते," थोरली म्हणाली, आणि कप उचलून आत घेऊन गेली. अजून अख्खा एक गुण शिल्लक होता.